घोट्याशी जास्त, पोटरीशी कमी

पहाटे पाचला, त्यानं पाय जमिनीला टेकवायच्या आत
मी राजेशमच्या पायात मोजा चढवते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
एकदा उभं राहिलं की रक्त उतरतं,
मग कितीही ओढा, काही उपयोग नाही.

एकतीस वर्षं तो उभाच आहे
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, दोन मागांच्या मधल्या बोळात.
याही हाताला चादर, त्याही हाताला चादर.
धोटा गेला, धोटा आला,
रक्ताला तेवढं जमलं नाही.
खाली गेलं ते खालीच राहिलं.
आधी निळ्या गाठी, मग घोट्यावर
तंबाखूच्या पाण्यासारखा डाग,
मग ती जखम, दोन दिवाळ्या न भरलेली.

मोजा अठ्ठावीसशेचा. नवी पेठेतल्या दुकानात
त्यानं दोनदा विचारलं, जोडी ना? की एकच?
पहिल्या दिवशी आम्ही दोघंही घामानं भिजलो,
मोजा टाचेवर अडून बसलेला.
मग सुचलं :
चादरीवरची प्लॅस्टिकची पिशवी आधी पावलावर घालायची,
तिच्यावरून मोजा सरकवायचा,
आणि पिशवी बोटांकडच्या भोकातून हळूच बाहेर.
माझ्या बोटांना हे शिकवावं लागलं नाही.
दिवसाला आठशे विड्या वळते मी,
पान ताणायचं, पण फाटू द्यायचं नाही.

मे महिन्यात मात्र त्यानं बंड केलं.
पत्रा तापलेला, चव्वेचाळीसचा पारा,
"पाय गुदमरलालाय बे," म्हणाला, आणि मोजा
जेवणाच्या डब्यात लपवून घरी आणला,
कडक भाकरीच्या चुऱ्यात, शेंगाचटणीच्या वासासकट.
मी बोलले नाही. धुतला.
पिळायचा नाही, उन्हात टाकायचा नाही,
एखाद्या सुनेसारखे त्याचे लाड.
सावलीत, दोरीवर आडवा.

रात्री लाइट गेली होती.
तो उठला, मोबाइलच्या उजेडात
धागे मोजायचं भिंग काढलं
आणि दोरीपाशी उभा राहून मोजा वाचायला लागला.
हो, वाचायलाच.
आधी घोटा. मग पोटरी. मग परत घोटा.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"हे मागावरचं नाही. फासे आहेत, आत रबराचा धागा फिरवलाय.
बघ, घोट्याशी ताण जास्त, वर वर सोडत नेलाय.
कुणीतरी डोकं लावून केलंय हे."
मालकाच्या चादरीला
त्यानं इतकं चांगलं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तेव्हापासून भांडण मिटलं. मिटलं म्हणजे,
उकडतं तर उकडतंच. शिव्या देतो, पण पाय पुढे करतो.
संध्याकाळी मोजा उतरवला की
नडगीवर बारीक रेघा उमटलेल्या असतात,
जणू पायावरच कुणी काही विणून गेलंय.
जखमेची कड आत सरकली आहे.
बाजरीच्या दाण्याएवढी, पण सरकली आहे.

काल मी सूप मांडीवर घेऊन बसले होते,
उजव्या पायाला मुंग्या, म्हणून साडी जरा वर केली.
गुडघ्यामागे एक निळी रेघ.
पोरींच्या वहीत असते तशी, पण वाकडी.
मी पदर ओढला.
त्यानं पाहिलं होतं.

"तू तर बसूनच असतीस," म्हणाला,
जणू माझ्याकडून काही चूक झाली.
बसलेल्यांचंही उतरतं की, राजेशम.
मग त्यानं खिशातून उभ्या धाग्याचा तुकडा काढला,
शेडमधल्या माणसाच्या खिशात तो असतोच,
आणि माझ्या घोट्याभोवती फिरवला. गाठ मारली.
पोटरीभोवती. दुसरी गाठ.
लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली,
माझा पाय त्यानं कधी इतक्या निरखून धरला नव्हता.

विडीच्या पगाराला अजून नऊ दिवस आहेत.
धागा मी तंबाखूच्या डब्यात ठेवलाय,
दोन गाठींचा.